शेवटच्या बाकापासून पाण्यापर्यंत

२ सप्टेंबर, सोमवार

मला नात झाली! शनिवारी सकाळी झाली, पण लिहायला आज वेळ मिळाला. ही वही मुलाच्या फ्रिज दुरुस्तीच्या दुकानातली. पहिल्या चार पानांवर गिऱ्हाइकांचे फोन नंबर आहेत, पाचव्यापासून नात. मी शिकले तिसरीपर्यंत, तीसुद्धा अर्धी, कारण मध्येच धाकटा भाऊ झाला आणि त्याला काखेत घेऊन मी घरी बसले. तेव्हा अक्षराला हसू नये. हसणार कोण म्हणा, वाचणारी मीच.

नाक आमच्या घराण्याचं आहे. नर्स म्हणाली, तीन दिवसांच्या बाळाचं नाक कुणाचंच नसतं. तिला काय कळतंय! मी तिला पिटुकली म्हणते. खरं नाव आईबाप ठरवतील तेव्हा ठरवतील.

घरी आल्याबरोबर पेटीतून झबलं काढलं. हे लांब झबलं सासूबाईंच्या आईने शिवलेलं. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाचा बाप्तिस्मा ह्याच झबल्यात होतो आणि मग खालच्या काठावर रेशमाची एक गाठ मारायची. अकरा गाठी आहेत. अकरावी माझ्या मुलाची. बारावीची जागा मी रोज बोटाने चाचपून बघतेय.

५ सप्टेंबर, गुरुवार

पिटुकली घरी आली. तिच्यामागून विहीणबाई आल्या, दोन बॅगा घेऊन. सहा आठवडे राहणार. मी म्हटलं, राहा की, घर तुमचंच आहे. म्हणायचं असतं.

त्या शाळेत बाई होत्या, छत्तीस वर्षं. बोलतात पण तशाच, वाक्य पूर्ण करून. सूनबाई मला "आई" म्हणते आणि त्यांना "मम्मी". कुणी म्हणेल त्यात काय. मी नुसतं लिहून ठेवलं.

चहा ओतताना कपात बोट घालतात! नखाएवढं बुडेपर्यंत ओततात मग थांबतात. हेच शिकवलं का छत्तीस वर्षं पोरांना?

९ सप्टेंबर, सोमवार

आज मी हौसेने झबलं दाखवायला नेलं. आता ते काही पांढरं राहिलेलं नाही, जुन्या हस्तिदंतासारखं पिवळं पडलंय. मी देवळातल्या वेदीची कापडं तीस वर्षं धुते, खळ देते, इस्त्री करते, पण ह्या पिवळेपणापुढे माझं काही चाललं नाही. विहीणबाईंनी हातात घेतलं आणि म्हणाल्या, "वा, किती पांढरंशुभ्र ठेवलंय हो!"

टोमणा! तोही हसतमुखाने. मग काठावरून बोटं फिरवत म्हणाल्या, "अकरा गाठी. अकरा बाळं का?" मी सांगितलंही नव्हतं. लगेच मोजून मोकळ्या.

मग मी समजावून सांगितलं, की बाप्तिस्म्याचा रविवार तीन महिन्यांतून एकदा येतो, आता तेरा ऑक्टोबर. आणि आमच्या मंडळीची रीत अशी, की बाळाच्या बापाची आई बाळाला घेऊन शेवटच्या बाकापासून निघते आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या दगडी पात्रापर्यंत एकटी चालत जाते. सगळी मंडळी उभी. माझ्या मुलाच्या वेळी सासूबाई चालल्या. बाळंतीण मी, पण मी मागे उभी, पदराला डोळे पुसत. सासूबाई परत येताना म्हणाल्या, "रडतेस कशाला? तुझी पाळी येईल." चौतीस वर्षं झाली. आली पाळी.

विहीणबाईंनी सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "हे कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, "काय कुठे लिहिलंय?"

"तान्ह्या बाळाला पाणी द्यावं असं. शास्त्रात, बायबलात कुठे आहे?"

मला वाटलं चेष्टा करतायत. नाही. त्यांची सभा एका गोदामावरच्या हॉलमध्ये भरते. ना मेणबत्ती, ना घंटा, ना झगा. शास्त्रात जे नाही ते करायचं नाही. माणसाने स्वतः विश्वास ठेवायचा, स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मग पाण्यात उतरायचं. म्हणाल्या, "ती मोठी होऊ दे. स्वतः ठरवेल."

मोठी होईल तेव्हा ती स्वतःच्या पायाने चालेल. मी काय उचलू, तिची चप्पल?

११ सप्टेंबर, बुधवार

मुलाला विचारलं. तो म्हणाला, "हिला विचारतो." सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, "आई, मम्मीचं मन मोडून मला करायचं नाही आणि तुमचं मोडूनही नाही. दोघी एकमत करा, मग मी तारीख सांगते." म्हणजे मांजरीच्या दोन्ही कानांना धरून तिलाच विचारायचं कुठे जातेस. मुलगा तर लगेच कुणाचातरी फ्रिज बघायला पळाला.

पिटुकली विहीणबाईंच्या मांडीवर पटकन झोपते. माझ्याकडे आली की आधी शिंकते. माझ्या अंगाला इस्त्रीचा, खळीचा वास, म्हणून असेल.

आणि ही बाई बाळाकडे सरळ बघतच नाही. मान वळवून तिरकं बघते, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. जणू पसंत नाही. नाक आमचं आहे ना, म्हणून.

१५ सप्टेंबर, रविवार

उपासना संपल्यावर मी वेदीची कापडं गोळा करता करता पाळकसाहेबांना गाठलं. नवे आहेत, दीड वर्ष झालं, मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान. म्हटलं, "तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा शास्त्रात कुठे आहे ते मला दाखवा. पान घडी घालून द्या."

ते जरा खाकरले. "आजी, तसं स्पष्ट एका ओळीत नाही. पण मंडळी पहिल्यापासून..."

"पहिल्यापासून मला माहीत आहे. कुठे लिहिलंय?"

माझ्या तोंडून विहीणबाईच बोलत होत्या, मला माझाच राग आला. मग त्यांनी तुरुंगाच्या अधिकाऱ्याची गोष्ट सांगितली. भूकंप झाला, कैद्यांच्या बेड्या गळल्या, तो घाबरला, मग विश्वास ठेवला, आणि त्याच रात्री त्याचा आणि त्याच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला. मी म्हटलं, "सगळ्यांचा?" म्हणाले, "सगळ्यांचा." मी कापडं तिथेच खुर्चीवर टाकली आणि घरी आले.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सापडली! ह्यांचं जुनं शास्त्र काढलं आणि चार दिवस बोटाने ओळ धरून वाचलं. एकेक जोडाक्षर म्हणजे खडकाळ वाट. दुपारी कपडे वाळेपर्यंत वाचायचं. ह्यांनी शिकवलं होतं थोडं लग्नानंतर, पण शिकवताना हसायचे, मग मी सोडलं. आता कोण हसतंय!

आहे, ओळ आहे. सगळ्यांचा.

मी स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "विहीणबाई, घरच्या सगळ्यांचा झाला. घरचे सगळे म्हणजे पाळण्यातलं पण आलं."

त्या कांदा चिरत होत्या, हळूहळू, बोटं मुडपून. म्हणाल्या, "पाळण्यात कुणी होतं असं लिहिलंय का?"

"नव्हतं असं लिहिलंय का?"

"लिहिलेलं नाही ते धरून चालायचं नसतं."

"मग तुमच्या हॉलमध्ये पंखे आहेत ते कुठे लिहिलेत?"

सूनबाई आतून ओरडली, "बाळ झोपलंय!" पण पंख्यांचं त्यांना लागलं. सुरी थांबली होती. मला दिवसभर बरं वाटलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज त्यांनी स्वतःचं शास्त्र पिशवीतून काढलं, काळं, लाल कडांचं, लाल विणलेली खूण असलेलं. मांडीवर उघडलं, बोट ठेवलं आणि वाचलं. आधी विश्वास, मग पाणी. काय वाचतात! एक अक्षर अडखळत नाही. मी चार दिवसांत जेवढं वाचलं तेवढं त्यांनी माझा चहा निवेपर्यंत वाचलं. पान उलटायचीसुद्धा गरज पडली नाही. मुलगा पण ऐकत उभा राहिला, पाना हातात धरून. माझं वाचन ऐकायला कुणी असं उभं राहणार नाही.

रात्री जेवताना तो म्हणाला, "मम्मींचा आवाज रेडिओवर शोभेल." "मम्मी" म्हणाला! माझा मुलगा!

पण मी एक केलं. त्या बाळाकडे गेल्या तेव्हा त्यांच्या पुस्तकात त्याच पानाला माझी केसांची पिन लावून ठेवली.

२५ सप्टेंबर, बुधवार

माझ्या आनंदाला पारावार नाही. विहीणबाई आंघोळीला गेल्या आणि मी पिनेचं पान वाचलं. दोन्ही बाजू वाचल्या. पहिल्यांदा वाटलं मला वाचता येत नाही म्हणून, तर परत वाचलं. तिथे बाप्तिस्म्याचा ब नाही! तिथे तंबूचं माप आहे. पडदे किती हात लांब, किती हात रुंद, बकऱ्याच्या केसांचं कापड, कड्या किती. पाणी नाही, विश्वास नाही, नुसता तंबू.

म्हणजे ती खोटं वाचते! आपल्या मनचं शास्त्र म्हणून सांगते आणि मला विचारते कुठे लिहिलंय! छत्तीस वर्षं बाई होती! रविवारी जेवणानंतर सगळ्यांसमोर विचारणार. तोपर्यंत कुणाला बोलणार नाही. पिटुकलीला फक्त सांगितलं. ती शिंकली.

२९ सप्टेंबर, रविवार

काय लिहू? लिहितेच, नाहीतर झोप यायची नाही.

जेवणं झाली. सूनबाई बाळाला घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत. मुलगा दात कोरत. मी म्हटलं, "विहीणबाई, त्या दिवशीचा भाग परत वाचा ना. फार गोड वाचता." आणि घाईघाईने टेबलावरचं त्यांचं काळं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी घेतलं, क्षणभर पुठ्ठ्यावर अंगठा फिरवला, उघडलं, बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. तेच शब्द, तोच आवाज. मी तंबू शोधायला त्यांच्या खांद्यामागून वाकले.

तंबू नव्हता. पुस्तकच ते नव्हतं. सकाळी मी देवळातून आणलेलं आमचं गीतांचं पुस्तक होतं, तसंच काळं, तशाच लाल कडा. बोटाखाली दफनविधीचं गाणं आणि तोंडात शास्त्र.

मग माझ्या डोक्यात एकेक भांडं पडावं तसं वाजलं. कपातलं बोट. पांढरंशुभ्र झबलं. अकरा गाठी. कांदा. तिरकं बघणं. जिना उतरताना माझा दंड धरतात आणि मी मनात म्हणते, राणीसाहेब आल्या.

मुलगा म्हणाला, "आई, तू त्या दिवशी बाळाला सांगत होतीस ना, मम्मींना काहीतरी विचारणार म्हणून? पानाचं काहीतरी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. विहीणबाईंनी पण तोंड वळवलं, जरा बाजूला, माझ्या कानाकडे. पुस्तक घट्ट धरलेलं. नखं पांढरी झाली होती.

मी म्हटलं, "अरे, मला कुठे वाचता येतं धड? काहीतरी चुकीचं वाचलं असेन." आणि पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, पाठीमागे धरलं आणि आत नेऊन ठेवलं.

मुलगा हसला. "बघ, उगाच आठवडाभर वाद."

ते हसणं मला लागलं. ह्यांच्यासारखंच हसतो.

१ ऑक्टोबर, मंगळवार

मी वेदीचं मोठं कापड इस्त्री करत होते. विहीणबाई समोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "हातात घेतल्याबरोबर कळलं होतं. पुस्तक हलकं होतं. पण तुम्ही सगळे बघत होतात."

मी म्हटलं, "किती दिवस?"

"दीड वर्ष. मधोमध धूर आहे, कडेकडेने दिसतं. डॉक्टर म्हणतात, कडाही जातील."

"आणि लेकीला?"

"लेकीला सांगितलं असतं तर तिने बाळ माझ्या हातात दिलं असतं का?" मग म्हणाल्या, "तोंड बघायचं होतं. कडेने का होईना. नाक तुमच्यावर गेलंय ना?"

मी इस्त्री उभी केली, नाहीतर कापड जळलं असतं. नाक त्यांना दिसलं होतं.

"आणि ते सगळं शास्त्र?"

"पाठ आहे. सगळं नाही. बरंच. आता विसरायला लागले की बघायला जागा नाही. कुणाला विचारणार? विचारलं की कळणार."

मी नुसतं एवढं म्हटलं, की बाळाला घेऊन जिना चढायचा-उतरायचा नाही, अजिबात नाही, आणि लेकीला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन. त्या म्हणाल्या, "ऐकलं." असं आजपर्यंत मला त्यांनी म्हटलं नव्हतं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी आम्ही दोघी वाचतो. म्हणजे मी पानावर बोट ठेवून एकेक अक्षर ओढत नेते, आणि त्या डोळे मिटून ऐकतात. मी अडखळले की पुढचा शब्द सांगतात. काल त्यांनी एक ओळ सांगितली आणि पानावर दुसरीच होती. मी म्हटलं, "विहीणबाई, असं नाहीये." त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, "परत वाचा." तीनदा वाचून घेतलं. मला आनंद झाला, मग त्या आनंदाची लाज वाटली, मग परत थोडा झाला.

शाळेतल्या बाई आहेतच पण. म्हणतात, "बोट आधी पुढे जातं तुमचं, डोळे मागून येतात. उलटं करा." तिसरीतल्या पोरीसारखी मी उलटं करते.

आज बायका प्रभूकडे पोरं घेऊन येतात आणि शिष्य त्यांना हुसकून लावतात, त्या भागापाशी आलो. मी वाचलं, प्रभू शिष्यांवर रागावला आणि त्याने बाळांना उचलून घेतलं, हात ठेवून आशीर्वाद दिला. विहीणबाईंनी डोळे उघडले.

"उचलून घेतलं, असंच आहे ना पानावर?"

"असंच आहे. मी जोडाक्षर दोनदा बघितलं."

पानावर माझं बोट होतं तिथे त्यांनी आपलं बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "पाणी तिथे नाही. पण उचलून घेणं लिहिलंय."

मी म्हटलं, "मग?"

"मग पाण्याला मी हो म्हणणार नाही. खोटं बोलता येणार नाही मला. पण नाही पण म्हणणार नाही. ते आईबापांनी ठरवावं. आणि ती मोठी झाली की तिने आपल्या तोंडाने सांगायचं, ते तुम्ही अडवायचं नाही."

"मी तोपर्यंत असले तर."

"असाल. तुमच्यासारख्या बायका जात नाहीत लवकर."

हा टोमणाच होता. पण मी हसले.

८ ऑक्टोबर, मंगळवार

सूनबाईला सांगितलं त्यांनी. मी गच्चीवर कपडे घालायला गेले मुद्दाम, पण रडणं वरपर्यंत ऐकू आलं. खाली आले तर मायलेकी एकाच पलंगावर आणि मध्ये पिटुकली. माझ्यासाठी जागा नव्हती. मी चहा केला. विहीणबाईंचा कप मीच भरला, बोट घालायला नको.

सूनबाई म्हणाली, "आई, तेरा तारीख पाळकसाहेबांना कळवा."

१३ ऑक्टोबर, रविवार

चार वाजलेत, सगळे झोपलेत, पिटुकलीसुद्धा.

मी पहाटेच उठून झबल्याला इस्त्री केली होती. विहीणबाई देवळात आल्या, पण शेवटच्या बाकावर कडेला बसल्या. म्हणाल्या, "मी इथूनच." पाळकसाहेबांच्या प्रश्नांना उत्तरं देणार नाही, उभी राहीन फक्त. मी म्हटलं, ठीक.

घंटा झाली. मंडळी उभी राहिली. मी पिटुकलीला घेतलं, झबलं गुडघ्याच्या खालपर्यंत लोंबतंय, आणि निघाले. चौतीस वर्षं ह्या वाटेची पावलं मोजली होती मी मनात. एक पाऊल टाकलं. विहीणबाईंच्या बाकापाशी आले तर त्यांनी हात जरा पुढे केलेला. बाळाला लावायला नाही. झबल्याचा काठ शोधत होता तो हात, हवेत, चुकीच्या बाजूला.

मला चालायचं होतं. एकटीने. देवाशपथ चालायचं होतं.

मी थांबले आणि मोठ्याने म्हटलं, "विहीणबाई, मला ह्या लांब झबल्याने पायाखालचं दिसत नाही. जरा दंड धरा आणि चला बरोबर."

त्या म्हणाल्या, "मला बोलवताय?"

"मग काय पाळकसाहेबांना? धरा. उचलून घेणं लिहिलंय, तुम्हीच म्हणालात."

त्यांनी माझा दंड धरला, दुसरा हात झबल्याखालून बाळाच्या पाठीला लावला. आम्ही निघालो. पायरी आली की मी हळूच म्हणायची, "एक... आता दुसरी..." लोकांना वाटलं त्या मला सांभाळतायत. वाटू दे.

पाळकसाहेब पुढे वाकून कुजबुजले, "आजी, आपल्या रीतीप्रमाणे एकच आजी येते."

मी म्हटलं, "कुठे लिहिलंय?"

विहीणबाईंचा हात माझ्या दंडावर हलायला लागला. हसत होत्या. देवळात!

त्यांनी उत्तरं दिली नाहीत, ओठ मिटून उभ्या राहिल्या. मी सगळी दिली, मोठ्याने, त्यांच्या वाटणीची भर घालून. घरी आल्यावर बारावी गाठ मारली. विहीणबाईंनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बारावी सैल आहे." मी उसवून परत मारली.

आणखी एक लिहायचं राहिलं. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा पिटुकली रडली नाही, पटकन बोट धरलं, घट्ट. विहीणबाईंचं. माझा हात तिच्या मानेखाली अडकला होता म्हणून. मोकळा असता तर माझंच धरलं असतं.